शंकरच्या रक्ताची चिठ्ठी

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणारा माणूस मी. बारसं असो, साखरपुडा असो, अगदी दहाव्याला जमलेली मंडळी असोत, कोणीतरी म्हणतंच, "अण्णा, काहीतरी सांगा." आणि मी सांगतो. पण एक गोष्ट आठ वर्षं माझ्या तोंडातून बाहेर पडली नव्हती — ना भावापाशी, ना मित्रापाशी, ना देवापाशी. देवाला ती ठाऊक असणारच, पण मी होऊन सांगितलेली नव्हती.

एकदा प्रयत्न केला होता. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. बायको स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मी दारात थांबलो, डोळे मिटले — उघड्या डोळ्यांनी असली वाक्यं निघत नाहीत — आणि म्हणालो, "ऐक, माझ्या हातून एक फार वाईट गोष्ट झालीय, आणि ती मी तुझ्यापासून लपवलीय." बांगड्या वाजल्या, ती वळली. मग शेजारच्या इंदूवहिनी म्हणाल्या, "भावोजी, मी किसणी न्यायला आले होते. ती मागच्या दारी कपडे वाळत घालतेय. तोवर झाकून ठेवा." दोघींनी एकाच फेरीवाल्याकडून एकाच रंगाची पातळं घेतलेली, आणि माझा चष्मा बाहेर खिडकीत. पुढं कितीतरी दिवस इंदूवहिनी मला बघून पदर सावरून आत जायच्या. त्यांनी मनात काय रंगवलं असेल ते मला कळत होतं. त्यांना कसं सांगू, की जे रंगवलंत ते खऱ्यापेक्षा बरं होतं?

तर तुम्हाला सांगतो. जरा अडखळत सांगेन. सवय नाही — हसवायची आहे, ही नाही.

आम्ही पोलादपूरला राहतो. महाडची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती वाढत होती, आणि तिथल्या एका औषधांच्या कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण कधी आला, कोण कधी गेला, ते लिहायचं. माझी बायको सुमन कुडपणची. कुडपण म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं गाव. एसटी खाली सोडते आणि पुढं आपले पाय. मी जावई म्हणून जायचो तेव्हा निम्म्या वाटेत धापा टाकत बसायचो आणि वरून येणारी म्हातारी माणसं डोक्यावर भारे घेऊन मला "या जावईबापू" म्हणत उतरून जायची.

त्या कुडपणहून शंकर आला. सुमनच्या घराशेजारचा, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. रक्ताचं नातं काही नाही, पण ती त्याला शंकरदादा म्हणायची आणि तो मला भावोजी. कारखान्यात त्याला मीच चिकटवला. आमच्या मागचीच एक खोली भाड्यानं घेऊन दिली. जेवायला आमच्याकडे. सगळं मीच केलं — हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मी जे केलं त्यात मला कोणी ढकललं नव्हतं.

शंकर माळकरी होता. वडील गेले तेव्हा त्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली. मासळी सुटली, मटण सुटलं, अंडं सुटलं. वर धाकट्या बहिणीचं लग्न जमेपर्यंत दूध-ताकही सोडल्याचा नवस. बिनदुधाचा चहा, भाकरी, वरण, पालेभाजी. माझ्या बोंबलाच्या कालवणाच्या आधी सुमन त्याचं पिठलं करून घ्यायची. त्याचा तवा वेगळा, पळी वेगळी. आम्ही मासे खात असलो की तो बाहेर ओटीवर बसायचा, वास येतो म्हणून नव्हे, आम्हाला संकोच नको म्हणून.

असा माणूस. अशा माणसाचा हेवा कसा करायचा, सांगा? मला जमलं.

ह्या घरात गोष्टी सांगायचा मान माझा होता. माझे मामा सवच्या गरम पाण्याच्या कुंडात अंडी उकडायला गेले आणि धोतर उकडून आले, ही गोष्ट मुलांनी शंभर वेळा ऐकली असेल, आणि शंभर वेळा ती लोळली होती. शंकर आला आणि दोन महिन्यांत थोरली म्हणाली, "बाबा, ते धोतर राहू दे. शंकरमामा रानडुकराचं सांगतोय." शंकर गोष्ट सांगताना हात हलवायचा नाही, आवाज बदलायचा नाही. नुसतं सांगायचा. आणि सुमन हसायची.

इथंच ते आहे बघा. माझ्या विनोदाला सुमन हसते ती नाकातून. संसाराचं हसू — असतं तसं. शंकर कुडपणच्या कुणा म्हातारीची नक्कल न करता नुसतं तिचं बोलणं सांगायचा, आणि ही पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकायची. डोळ्यांतून पाणी. दहा वर्षांच्या संसारात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. त्या दोघांत काही वाकडं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. वाकडं असतं तर बरं झालं असतं, रागवायला जागा मिळाली असती. मला राग होता तो त्यांच्या गावाचा, त्या वाटांचा, त्या विहिरीचा, जिथं ही लहान होती आणि मी नव्हतो. ह्याला काय म्हणायचं?

मग शंकरला चक्कर यायला लागली.

अंथरुणातून उठला की घर फिरायचं. मान वर केली की आढं खाली यायचं. जीभ लालभडक, तिखट सोसेना. पायांना सारख्या मुंग्या. चप्पल पायात आहे की नाही ते बघावं लागे. कारखान्यात त्याला लोखंडी शिडीनं वरच्या मजल्यावर चढून झडपा फिरवाव्या लागत. एक दिवस तो शिडीच्या मध्यावर दोन्ही हातांनी कवटाळून उभाच राहिला. खालच्यांनी हाका मारल्या तेव्हा उतरला. कोणाला सांगू नका म्हणाला मला. सुमनला मात्र दिसलंच. ती त्याला आल्याचा रस दे, कोकमाचं पाणी दे, दृष्ट काढ. आणि मी काय केलं ठाऊक आहे? एका सकाळी उठताना मीही कपाळ धरून खाली बसलो. म्हटलं, मलाही गरगरतंय. सुमन पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पित्त हाय. काल सात भाकऱ्या खाल्ल्या, फिरंल नाय तर काय."

तर असा मी.

कारखान्याच्या फाटकाशी एका संध्याकाळी शंकरचा तोल गेला आणि त्यानं खांब धरला. पहारेकऱ्यानं बघितलं, चार कामगारांनी बघितलं. झुलणारा माणूस पाहिला की आपल्याकडं दुसरं काय मनात येतं? माळकरी आणि पितो — ह्यासारखी चवदार बातमी नाही. शंकरच्या आधी ती बातमी डोंगर चढून कुडपणला पोचली.

ह्याच सुमारास मी त्याला महाडला डॉक्टरांकडे नेलं होतं. हो, मीच नेलं. सुमन म्हणाली म्हणून नेलं. डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी रक्त घेतलं. सुई बघून शंकर म्हणाला, "आधीच फिरतंय, त्यात रक्त काढल्यावर आणखी नाय ना फिरणार?" आठवड्यानं या म्हणाले. त्या आठवड्यात कुडपणला हरिनामाचा सप्ताह बसला आणि शंकर रजा घेऊन वर गेला. सुमन मुलांना घेऊन माहेरी गेली. शनिवारी कारखाना सुटल्यावर मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी मला बसवून समजावलं. चक्कर कानानं येते, मानेनं येते, रक्तदाबानं येते. पण ह्या माणसाच्या रक्तात तांबड्या पेशी कमी आहेत, आणि आहेत त्या फुगून मोठ्या झाल्यात. मासे, मटण, अंडी, दूध ह्यातलं काहीच पोटात गेलं नाही की शरीरातलं एक जीवनसत्त्व आटत जातं. मग जीभ सोलवटते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. चक्कर त्यामुळंच आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही, म्हणाले, पण ही खोट आहे ती भरून काढायलाच हवी, आणि लवकर. इंजेक्शनं लिहून दिली. आणि वेगळ्या कागदावर एक चिठ्ठी — अमुक इसमाच्या रक्तात दोष असून त्यामुळे चक्कर येण्याचा संभव आहे, दोन महिने उंचावर चढण्याचं काम देऊ नये. खाली सही-शिक्का.

ती चिठ्ठी मी इंजेक्शनांच्या कागदासकट घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. रविवारी पहाटे निघालो आणि दहाच्या सुमारास कुडपणला पोचलो, धापा टाकत.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, सात रात्री ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते. घेणाऱ्यानं उभं राहून नाम घ्यायचं, पाळी संपली की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. वीणा जमिनीला लागली तर सप्ताह मोडला. मी देवळात शिरलो तेव्हा पाळी शंकरची होती. लोकांत कुजबूज होतीच, पण पाळ्या आधी ठरलेल्या; आणि त्याला नको कोण म्हणणार, पुराव्याशिवाय?

मी खांबाशी बसलो. जावई म्हणून मला घोंगडी घातली. समोर बायकांत सुमन, मांडीवर धाकटा. माझी थोरली शंकरच्या पायांशी बसून त्याच्याकडं बघत होती. मी आलो ते तिनं बघितलंसुद्धा नाही. चिठ्ठी लगेच द्यायची होती. पाळी संपल्यावर देऊ म्हटलं.

शंकर अभंगात रंगला आणि त्यानं वर बघितलं. कळसाकडं बघतात तसं. मला कळलं — मान वर केली की काय होतं ते त्या देवळात मला एकट्यालाच ठाऊक होतं. तो गोल फिरल्यासारखा झाला आणि कोसळला. पण पडता पडता त्यानं अंग फिरवलं. पाठीवर पडला, डोकं फरशीवर आपटलं, आणि वीणा दोन्ही हातांनी छातीवर धरलेली. जमिनीला लागू दिली नाही.

कोणीतरी धावत येऊन वीणा काढून घेतली आणि गळ्यात घातली. टाळ थांबले. गावचे वडीलधारे बुवा होते, चांगला माणूस, ते पुढं आले. त्यांनी विचारलं, शंकर, खरं सांग. शंकर पडल्या पडल्याच माळेला हात लावून म्हणाला, "मी घेतलेली नाय, बुवा. माळेची आण." मागून कोणीतरी हसलं. बुवांनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही एका कारखान्यातले, एका घरातले. तुम्ही सांगाल ते आम्ही धरू."

सगळं देऊळ माझ्याकडं बघत होतं. एवढा श्रोता मला जन्मात मिळाला नव्हता. माझा हात खिशाकडं गेला. खरं सांगतो, गेला होता. कागदाची कड बोटांना लागली.

आणि सुमन उठली. धाकट्याला शेजारणीच्या मांडीवर टाकून ती बायकांतून पुरुषांत आली, सगळ्या गावासमोर, माझ्यासमोर. शंकरचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालायला लागली. डोक्यातून आलेलं रक्त तिच्या पदराला लागलं. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

माझा हात खिशातून परत आला. रिकामा.

मी म्हणालो, "आता मी काय सांगणार, बुवा? घरचाच माणूस आहे."

बस. एवढंच. ह्यात खोटा शब्द एकही नाही, काढून दाखवा. आणि ह्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. बुवांनी मान खाली घातली. शंकर उठून बसला, सुमनचा हात त्यानं हळूच बाजूला केला, आणि गळ्यातली माळ काढून बुवांच्या पायांशी ठेवली. म्हणाला, ज्याच्या बोलण्यावर विश्वास नाय त्याच्या गळ्यात ही कशाला. कोणी त्याला थांबवलं नाही.

तुम्हाला वाटेल, हेच ते. मलाही इथं थांबायला आवडलं असतं. पण अजून आहे.

संध्याकाळी तो सामान बांधत होता. कारखाना नको, गाव नको, मुंबईला जातो म्हणाला. तिथं एका गोदामात गावची माणसं होती. डोक्याला फडकं बांधलेलं. मी त्याच्या गावच्या घराच्या ओट्याशी गेलो. आम्ही दोघंच होतो. सुमन नव्हती, मुलं नव्हती, बघायला कोणी नव्हतं. मत्सराला तरी काहीतरी समोर लागतं ना? काही नव्हतं. आणि त्यानं विचारलं, "भावोजी, रक्ताचं काय आलं? काय निघालं का त्यात?"

मी म्हणालो, "आलं. काही निघालं नाही."

तो हसला. म्हणाला, मग माझंच काहीतरी असंल.

हे ते वाक्य. देवळातलं वाक्य रागात गेलं असं म्हणता येईल. हे थंडपणानं गेलं. माझा विचार असा चालला होता — आत्ता चिठ्ठी दिली तर तो विचारील, सकाळी का नाही दिलीत? म्हणजे माझी लाज वाचावी म्हणून त्याला आजारी राहू दिलं. आणि खाली कुठंतरी, अगदी तळाशी, हेही होतं — की तो जातोय.

तो गेला. सुमननं रक्ताचं विचारलं तेव्हा तिलाही तेच सांगितलं. घरात पुन्हा माझ्या गोष्टी सुरू झाल्या. मुलं ऐकायची. पण सुमनला विचारलं, हसली नाहीस? तर म्हणायची, ऐकलेली हाय.

दीड-दोन वर्षांनी शंकर भेटला. बरा झाला होता. मुंबईत माळ नाही, खानावळीत मिळेल ते खायचा. सुकट, बांगडा, अंडं. शिवाय कुठल्याशा दवाखान्यात लाल रंगाची इंजेक्शनं घेतली होती. सुयांनी बरं वाटलं की सुकटीनं, त्याला ठाऊक नव्हतं. चक्कर गेली होती. पायाच्या बोटांतली बधिरता मात्र अजून होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, आधी आला असतास तर तीही गेली असती. हे तो सहज बोलला. आणि बोलताना त्याचा हात गळ्याशी जायचा, माळ चाचपायला, आणि खाली यायचा.

ह्यावर मी काय केलं असेल? मी हिशेब मांडला. माळ गेली म्हणून मासळी आली, मासळी आली म्हणून चक्कर गेली — म्हणजे माणूस बरा झाला तो माझ्यामुळं. कितीतरी वर्षं हे औषध मी सकाळ-संध्याकाळ घेतलं. लागू पडलं नाही. कारण ती खोट इंजेक्शनानं भरत होती, माळेसकट भरत होती, आणि ते औषध माझ्या खिशात होतं. त्याला काय सोडायचं, काय धरायचं, हे ठरवायचा हक्क त्याचा होता. तो मी घेतला. पायाच्या बोटांसकट घेतला.

परवा सुमनला सांगितलं. दुपारची वेळ, ती तांदूळ निवडत होती. ह्या वेळी चष्मा लावून, समोर बसून सांगितलं. देवळातलं सांगितलं, ओट्यावरचं सांगितलं. चिठ्ठी पेटीच्या तळाशी कापडात होती, ती काढून तिच्यासमोर ठेवली. घडीवर कागद फाटला आहे, पण शिक्का वाचता येतो. तू उठलीस आणि माझा हात थांबला, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं सांगितल्यावर लक्षात आलं.

तिनं चिठ्ठी वाचली. सावकाश, बोट ठेवून. मग सूप बाजूला केलं.

"म्हंजे मी त्याला सावरायला उठले, म्हणून तो गावाच्या नजरेतनं पडला. असं माझ्या पदरात घालताय."

मी नाही म्हणालो. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. बराच वेळ ती चिठ्ठीच्या घड्या नीट करत बसली. मग ती चिठ्ठी तिनं माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली, वरून तळवा दाबला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

"सप्ता बसंल तेव्हा कुडपणला चला. शंकरदादाला मी बोलावून घेते. देवळात सगळ्यांच्या म्होरं हे वाचा. आणि वाचता वाचता तुम्हाला चक्कर आली, तर मी उठणार नाय."